छातीएवढ्या पाण्यात उतरल्यावर शरीराचं काय होतं?

गुडघ्याची झीज, कंबरेचं जुनं दुखणं, पक्षाघातानंतर एका बाजूला आलेला अशक्तपणा, सांधा बदलल्यानंतरचे पहिले काही महिने. अशा रुग्णांना हल्ली फिजिओथेरपिस्ट जमिनीवरच्या व्यायामांच्या जोडीला पाण्यातलेही व्यायाम सुचवतात. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आणि पुनर्वसन केंद्रांत त्यासाठी कोमट पाण्याचे खास तलाव आहेत. चिठ्ठीवर ‘हायड्रोथेरपी’ किंवा ‘अ‍ॅक्वाटिक थेरपी’ असं लिहिलेलं असतं आणि घरी आल्यावर शंका सुरू होतात. मला पोहता कुठे येतं? वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसलं तर नाही का चालणार? पाण्यात हातपाय हलवून बरं वाटतं हे खरं, पण त्याला उपचार म्हणायचं का?

शंका रास्त आहेत. पाणी इतकं रोजच्या ओळखीचं की त्याचीही मात्रा ठरवावी लागते, हे मनात येत नाही. पण गळ्यापर्यंत पाण्यात नुसतं उभं राहा, एकही हालचाल करू नका, तरी थोड्याच वेळात हृदयाचं काम बदलतं, फुप्फुसांचं बदलतं आणि मूत्रपिंडांचंही बदलतं. सांध्यांवरचा भार तर पायऱ्या उतरतानाच कमी व्हायला लागतो. त्यामुळे पाणी किती खोल, किती कोमट, हालचाल किती जलद आणि आत किती वेळ, या चार गोष्टींवर सगळा उपचार उभा असतो. त्या का महत्त्वाच्या हे एकदा कळलं की तलावाच्या काठावर उभं असताना योग्य प्रश्न विचारता येतात.

## वजन जातं कुठे?

विहिरीचं पाणी शेंदलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. भरलेला पोहरा पाण्यात असतो तोवर दोर हलका लागतो. पोहरा पाण्याच्या वर आला की हाताला एकदम ओढ बसते. वजन तेच असतं, पण आत असताना पाणी त्याला खालून वर रेटत असतं. या रेट्याला शाळेच्या पुस्तकात ‘प्लावक बल’ म्हणतात. वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका हा रेटा असतो. आर्किमिडीजने हे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे.

माणसाचं शरीर पाण्यापेक्षा किंचितच हलकं आहे. म्हणून ते जसजसं बुडत जाईल तसतसा त्याचा भार पाणी स्वतःवर घेत जातं. किती घेतं याची मोजमापं हॅरिसन आणि बुलस्ट्रोड या संशोधकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी ती आजही शिकतात. पाणी कमरेच्या पुढच्या हाडांपर्यंत असेल तर पायांवर साधारण निम्मं वजन उरतं. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत असेल तर पुरुषांमध्ये सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे २८ टक्के. मानेपर्यंत असेल तर जेमतेम ८ टक्के. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या पावलांवर मानेएवढ्या पाण्यात पाच-सहा किलोंचाच भार येतो.

हे आकडे स्थिर उभं राहण्याचे आहेत. चालायला लागलं की भार वाढतो, कारण पाऊल टेकताना आणि पुढे रेटा देताना जोर लागतो. शिवाय स्नायू आवळले की सांधाही दाबला जातो, मग तुम्ही पाण्यात असा की बाहेर. तरीही फरक मोठा आहे. जमिनीवर सपाट चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो आणि जिना उतरताना तिपटीहून जास्त. जिना उतरताना रेलिंगला लटकत, एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत येणाऱ्या बाई छातीएवढ्या पाण्यात सरळ पावलं टाकतात, ते यामुळेच. त्यांचा गुडघा बरा झालेला नसतो. त्याच्यावरचं ओझं उतरलेलं असतं, आणि त्या वेळात लंगडण्याची सवय मोडून नीट चालणं पुन्हा बसवता येतं.

खोली हे इथलं खरं साधन आहे. पायाचं हाड मोडलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात की सुरुवातीला पायावर थोडाच भार द्या, मग निम्मा, मग पूर्ण. जमिनीवर ‘थोडाच’ म्हणजे नेमका किती हे त्याने कुबड्यांवर तोलत कसं ठरवायचं? पाण्यात ते सोपं होतं. आधी खोल भागात चालायचं आणि आठवड्यागणिक उथळ भागाकडे सरकायचं. मात्र भिंतीवर लिहिलेला खोलीचा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. १.२ मीटर पाणी १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईंना जवळजवळ खांद्याशी येईल आणि १८० सेंटिमीटरच्या माणसाला जेमतेम बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंत. तलाव एकच, पण दोघांच्या गुडघ्यांवर पडणारा भार वेगळा. म्हणून पाणी अंगावर कुठवर आलं ते बघायचं, भिंतीवरचा आकडा नाही.

## चारही बाजूंनी पडणारा दाब

भार हलका होतो हे सगळ्यांना जाणवतं. पाण्याच्या दुसऱ्या गुणाकडे मात्र फारसं लक्ष जात नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पाणी शरीराला सर्व बाजूंनी दाबतं आणि जितकं खोल जावं तितका तो दाब वाढतो. रक्तदाब आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो, त्याच मापात सांगायचं तर दर १.३६ सेंटिमीटर खोलीला दाब एक मिलिमीटरने वाढतो. १.२ मीटर पाण्यात उभं राहिलं तर तळाशी पावलांवर सुमारे ८८ मिलिमीटर दाब पडतो. आपल्या रक्तदाबाचा खालचा आकडा साधारण ८० असतो, त्यापेक्षा हा जास्त झाला.

याचा पहिला परिणाम सुजेवर. दिवसभर उभ्याने काम केलेल्या माणसाच्या घोट्यावर संध्याकाळी मोज्याच्या रबराचा खोल वळ उमटतो, बोटाने दाबलं तर खळगा पडतो. दाब पावलांवर सगळ्यात जास्त आणि वर येत जावं तसा कमी, त्यामुळे असं साठलेलं पाणी वरच्या दिशेला रेटलं जातं. पाण्यातून बाहेर आल्यावर घोट्याच्या हाडाची गोलाई पुन्हा दिसू लागते. गरोदरपणात पाय सुजतात तेव्हा पाण्यात बरं वाटतं, त्यामागेही हेच कारण.

सुजेबरोबर रक्तही वर सरकतं. शिरांच्या भिंती मऊ असतात आणि त्यांच्यातला दाबही कमी, म्हणून बाहेरून रेटा आला की पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे ढकललं जातं. मानेपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या प्रौढ माणसात हे सुमारे ७०० मिलिलिटर रक्त असतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९७२ मध्ये केलेल्या अभ्यासातून हा आकडा पुढे आला. यातला काही भाग हृदयात जातो आणि बाकीचा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत. हृदयात जास्त रक्त आलं की त्याच्या भिंती जास्त ताणल्या जातात, आणि निरोगी हृदय ताणलं गेलं की पुढचा ठोका जास्त जोराने देतं. परिणामी दर मिनिटाला बाहेर फेकलं जाणारं रक्त सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं, तेही हात न हलवता. दर ठोक्याला जास्त रक्त जात असल्यामुळे ठोके थोडे कमी होतात. मनगटावरच्या घड्याळात जमिनीवरचा आकडा गाठायचा म्हणून पाण्यात दमछाक करून घेऊ नये, ते यासाठी. व्यायाम करताना दोन वाक्यं सलग बोलता येतात का, ही खूण जास्त भरवशाची.

## श्वास का अडल्यासारखा होतो?

पहिल्यांदा तलावात उतरणाऱ्या माणसाकडे नीट बघा. कमरेपर्यंत तो गप्पा मारत उतरतो. पाणी छातीला लागलं की खांदे वर उचलले जातात, हात रेलिंगला घट्ट आवळतो आणि बोलता बोलता वाक्य मधेच तुटतं. आजूबाजूचे म्हणतात, घाबरू नका. घाबरणं असेलही, पण शरीरातही खरंच काहीतरी घडलेलं असतं.

पाणी बरगड्यांना बाहेरून दाबतं. पोटालाही दाबतं, त्यामुळे पोट आणि छाती यांच्या मधला स्नायूचा पडदा वर ढकलला जातो. त्यात पायांकडून आलेलं जादा रक्त फुप्फुसांत जागा अडवतं. तिन्ही मिळून श्वासाला जागा कमी पडते. एका खोल श्वासात घेता-सोडता येणारी हवा सहा ते नऊ टक्क्यांनी घटते, आणि मानेपर्यंत पाण्यात श्वास घेण्याचे कष्ट सुमारे ६० टक्क्यांनी वाढतात.

धडधाकट माणसाला हा श्वासाच्या स्नायूंचा आयता व्यायाम. पण ज्यांची फुप्फुसं आधीच कमकुवत आहेत, जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, त्यांच्यासाठी हाच आकडा धोक्याचा. अशांना कमरेएवढ्या पाण्यापासून सुरुवात करावी लागते आणि पुढे जायचं की नाही हे बघून ठरवावं लागतं. पक्षाघातामुळे किंवा मणक्याच्या दुखापतीमुळे छातीचे स्नायू दुबळे झालेल्यांनाही हेच लागू आहे. नातेवाइकांनी त्यांना उत्साहाने खोल भागात नेऊ नये.

## पाण्यात लघवीला का लागते?

तलावात अर्धा तास घालवला की लघवीला जावंसं वाटतं. याची लाज वाटायचं कारण नाही, थंडीमुळेच असं होतं असंही नाही. छातीत ७०० मिलिलिटर रक्त जास्त आलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले ताण ओळखणारे संवेदक मेंदूला सांगतात की शरीरात पाणी फार झालं. मग पाणी धरून ठेवणारं संप्रेरक कमी होतं, मीठ आणि पाणी बाहेर टाकायला सांगणारं वाढतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. ओटो गाउअर आणि जेम्स हेन्री या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात या साखळीचा उलगडा केला, म्हणून तिला त्यांचं नाव आहे.

अवकाशात वजनरहित अवस्थेतही शरीरातलं पाणी असंच वर सरकतं. त्यामुळे अवकाशवीरांच्या शरीरात काय घडेल हे समजून घेण्यासाठी माणसांना तासन्‌तास पाण्यात ठेवून बरेच प्रयोग झाले. पाण्याचा शरीरावर काय परिणाम होतो याबद्दलची आपली बरीचशी माहिती या प्रयोगांतून आली आहे.

रोजच्या वापरात याचा अर्थ असा: उतरण्याआधी लघवीला जाऊन यावं आणि व्यायामानंतर पाणी प्यावं. पाण्यात घाम आल्याचं कळत नाही, त्यामुळे तहानेची वाट पाहू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर ते थेरपिस्टला आधीच सांगावं.

## सगळं हलकंच झालं, मग व्यायाम कसला?

ही शंका सगळ्यात जास्त ऐकू येते, विशेषतः व्यायाम म्हणजे वजन उचलणं असं मानणाऱ्यांकडून. तिचं उत्तर हाताच्या पंजात आहे. पाण्यात उभं राहून हात बाजूला लांब करा. तळहात जमिनीला समांतर ठेवून हात पुढे आणा, पाणी चिरत तो सहज येतो. आता अंगठा वर करून, तळहात समोर धरून तोच हात आणा. दंडापासून छातीपर्यंतचे स्नायू ताठ होतात. मग तीच हालचाल दुप्पट वेगाने करून बघा.

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन आहे आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ते विरोध करतं. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की विरोध जवळपास चौपट. त्यामुळे पाण्यात जमिनीवरच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेगाने चाललं तरी तेवढीच ऊर्जा खर्च होते. हलकेपणा गुडघ्याला मिळतो, कष्ट मात्र स्नायूंना करावेच लागतात.

आजारी माणसाच्या दृष्टीने यात एक मोलाची गोष्ट आहे. डंबेल उचलताना मधेच कळ आली तर डंबेलचं वजन हातात राहतंच, ते खाली ठेवेपर्यंत सुटका नाही. पाण्यात हालचाल थांबवली की विरोध त्या क्षणी जवळजवळ संपतो. जोर किती लावायचा हे रुग्णाच्याच हातात राहतं. महिनोन्‌महिने दुखण्याला भिऊन हात आखडून बसलेल्या माणसाला पुन्हा हालचाल करायला धीर येतो तो यामुळे.

तोल शिकवायलाही हाच विरोध उपयोगी पडतो. जमिनीवर तोल गेला की माणूस क्षणार्धात खाली असतो. पाण्यात पडणं सावकाश होतं, सावरायला वेळ मिळतो, आणि पडलंच तर हाड मोडत नाही. पक्षाघात किंवा पार्किन्सन्स झालेल्या माणसाला तोल जाऊ देण्याचा आणि परत मिळवण्याचा सराव इथे निर्धास्तपणे करता येतो. पाण्यात शरीर आडवं-उभं का फिरतं आणि त्या फिरण्यावर ताबा कसा मिळवायचा, यावर जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ पासून लंडनमध्ये अपंग मुलींना शिकवताना एक पद्धत बसवली. ती हॅलिविक नावाने ओळखली जाते आणि सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलांसाठी जगभर वापरली जाते.

## पाणी जितकं गरम तितकं चांगलं?

नाही. आणि इथे आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. २८ अंश सेल्सिअसची खोली सुखद वाटते, पण २८ अंशांच्या पाण्यात स्वस्थ उभं राहिलं तर थोड्याच वेळात हुडहुडी भरते. ज्या पाण्यात स्वस्थ असताना शरीर तापतही नाही आणि गारही पडत नाही, ते सुमारे ३४-३५ अंशांचं. सांधेदुखीच्या रुग्णांसाठी तलाव ३३ ते ३५ अंशांच्या आसपास ठेवतात तो याच हिशोबाने. स्नायू सैल पडतात, आवळलेला सांधा थोडा जास्त वळतो आणि कोमट पाण्याच्या स्पर्शाने दुखण्याची जाणीवही बोथट होते. जोरकस व्यायामाला मात्र हे पाणी गरम पडतं. स्नायूंनी तयार केलेली उष्णता बाहेर जायला वाव राहत नाही, म्हणून त्यासाठी २८-३० अंश बरे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंचं आवरण खराब करणाऱ्या आजाराच्या रुग्णांना तर उष्णतेने तात्पुरता अशक्तपणा वाढतो, त्यांना आणखी गार पाणी लागतं.

आता गरम पाण्याच्या कुंडांबद्दल. वज्रेश्वरी-गणेशपुरी, रायगडमधलं उन्हेरे, राजापूरचं उन्हाळे, इथे पिढ्यान्‌पिढ्या लोक दुखरे सांधे घेऊन जात आले आहेत. त्यांना बरं वाटतं ते खोटं नाही. उष्णतेने स्नायू सैल होतात आणि तेवढ्यापुरतं दुखणं उतरतं. पण बऱ्याच कुंडांतलं पाणी शरीराच्या तापमानापेक्षा पुष्कळच गरम असतं. अशा पाण्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि उठून उभं राहताना भोवळ येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसाच्या बाबतीत शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवर भोवळ येणं म्हणजे खुबा मोडण्याची भीती. मधुमेहामुळे पायांना स्पर्श नीट कळत नसेल तर चटका बसलेलाही कळत नाही. श्रद्धेने जावं, जरूर जावं, पण पाय घालण्याआधी बरोबरच्या कुणाला तरी हाताने पाणी बघायला सांगावं, थोडाच वेळ बसावं आणि एकट्याने उतरू नये. गरोदर बाईंनी खूप गरम पाण्यात बसणं टाळावं.

झऱ्याच्या पाण्याने नेमकं काय होतं आणि काय होत नाही, याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं आहे. १९२१ मध्ये, ३९ व्या वर्षी त्यांच्या पायांतली शक्ती गेली. निदान पोलिओचं झालं. १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या गावी गेले. तिथल्या झऱ्याचं पाणी सुमारे ३१ अंशांचं, म्हणजे फार गरमही नाही. जमिनीवर साथ न देणारे पाय या पाण्यात हलायला लागले, त्यांना उभं राहता येऊ लागलं. ते इतके भारावले की १९२६ मध्ये त्यांनी ती जागाच विकत घेतली आणि पुढच्या वर्षी पोलिओच्या रुग्णांसाठी संस्था काढली. ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले, पण आधाराशिवाय चालणं त्यांना पुन्हा कधीच जमलं नाही. मेलेले मज्जातंतू पाण्याने जिवंत होत नाहीत. पाण्याने त्यांच्या उरल्यासुरल्या स्नायूंना काम करायची संधी दिली आणि ते स्नायू बळकट झाले. वॉर्म स्प्रिंग्जला आलेल्या अनेकांसाठी तेवढंही फार मोलाचं होतं.

## कुणी उतरू नये?

हृदय दुर्बल झालं असेल, पाय सुजत असतील, आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर वर सांगितलेलं ७०० मिलिलिटर रक्त अशा हृदयाला झेपेलच असं नाही. हृदयविकाराचे बरेच रुग्ण देखरेखीखाली पाण्यात व्यायाम करतात, पण आजार आटोक्यात असताना आणि डॉक्टरांच्या परवानगीने. ताप, उघडी जखम, न भरलेले टाके, त्वचेचा संसर्ग, जुलाब, आटोक्यात नसलेली फिट, शौचावर ताबा नसणं, यांपैकी काहीही असेल तर तूर्त पाणी नको. गुडघा बदललेल्यांना टाके पूर्ण सुकेपर्यंत थांबावं लागतं, आणि तो निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा.

बाहेर येतानाची काळजी उतरतानापेक्षा जास्त घ्यायला हवी. पायऱ्या चढताना प्रत्येक पावलागणिक वजन परत येत असतं, पाय शिशासारखे जड होतात आणि दाब सुटल्यामुळे रक्त पुन्हा पायांकडे उतरतं. शेवटच्या दोन मिनिटांत वेग कमी करावा, उथळ भागात थोडं थांबावं, रेलिंग धरून सावकाश वर यावं आणि बाहेर आल्यावर लगेच बसावं. पाण्यात वाकलेल्या प्रकाशामुळे पायरी असते त्यापेक्षा वर दिसते, म्हणून डोळ्यांवर भरवसा न ठेवता पावलाने चाचपून मगच भार द्यावा.

## हे सिद्ध झालं आहे का?

काही प्रमाणात, हो. गुडघा आणि खुब्याच्या झिजेवरच्या पाण्यातल्या व्यायामांचा, वैद्यकीय संशोधन तपासून एकत्र मांडणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३ चाचण्या आणि १,१९० रुग्ण होते. दुखणं, रोजच्या हालचाली आणि जगण्याचा दर्जा या तिन्हींत सुधारणा दिसली, पण ती छोटी होती आणि उपचार संपल्यानंतर लगेचच्या काळापुरतीच खात्रीने सांगता येण्यासारखी. २०२२ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात चीनमधली एक चाचणी आली. जुनी कंबरदुखी असलेल्या ११३ जणांपैकी निम्म्यांना तीन महिने पाण्यातले व्यायाम दिले आणि निम्म्यांना विजेचा व इन्फ्रारेडचा शेक. वर्षभरानंतरही पाण्यातल्या गटाची स्थिती चांगली होती. पण हेही लक्षात घ्यायला हवं की तुलना नुसत्या शेकाशी होती. जमिनीवर मन लावून व्यायाम करणाऱ्यांपेक्षा पाणी सरस, असं यातून ठरत नाही.

माझं मत असं की ज्याला जमिनीवर व्यायाम जमतो, त्याने खर्च करून आणि लांबचा प्रवास करून पाणी गाठायची गरज नाही. ज्याला जमिनीवर उभं राहणंच असह्य होतं, वजन खूप जास्त आहे किंवा पडण्याची भीती बसली आहे, त्याला पाणी व्यायामाचं दार उघडून देतं. त्या दारातून पुढे जमिनीवरच यायचं असतं. हाडं मजबूत राहायला त्यांच्यावर भार यावा लागतो आणि तोच भार पाणी काढून घेतं. म्हणून पाळी गेलेल्या बायकांनी आणि हाडं ठिसूळ झालेल्यांनी केवळ पाण्यातल्या व्यायामावर विसंबू नये. चांगला थेरपिस्ट पहिल्याच आठवड्यात सांगतो की उथळ पाण्याकडे कधी सरकायचं आणि जमिनीवर कधी यायचं. तो सांगत नसेल तर विचारावं.

## पोहता येत नाही, खास तलावही नाही

पोहता येणं लागतच नाही. बहुतेक व्यायाम तळाला पाय टेकवूनच होतात. उलट गुडघेदुखीत ‘रोज पोहा’ हा सल्ला सरसकट पाळू नये, कारण बेडकासारखे पाय मारण्याच्या प्रकारात गुडघ्याला पीळ बसतो.

बायकांची अडचण पुष्कळदा कपड्यांची असते आणि ती बोलून दाखवली जात नाही. नायलॉनची लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरतो. साडी किंवा सुती सलवार नको, भिजली की जड होते, पायांत अडकते. बायकांसाठी वेगळी वेळ आणि बाई थेरपिस्ट आहे का, हे फोनवरच विचारावं. ज्या केंद्रांत ही सोय नाही तिथे ती मागावी, कारण गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांत बायकांची संख्या जास्त आहे आणि संकोचामुळे नेमक्या त्याच मागे राहतात.

जवळ पालिकेचा तलाव असेल तर थेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेऊन उथळ भागात चालता येतं. तिथलं पाणी सहसा तापवलेलं नसतं, तेव्हा पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात पहाटेची वेळ टाळून उन्हं वर आल्यावर जावं आणि अंगात थंडी भरायच्या आत बाहेर यावं. सुरुवात दहा-पंधरा मिनिटांपासून करावी. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सांधा नेहमीपेक्षा जास्त दुखला किंवा सुजला, तर पुढच्या वेळी वेळ आणि वेग दोन्ही कमी करावे. उतरण्याआधी जीवरक्षकाला आपला त्रास सांगावा, आणि आपण चालत राहू त्या भागात तळाला अचानक उतार कुठे आहे हे त्याच्याकडून दाखवून घ्यावं.